व्याह्यांच्या शब्दाखातर रायफल

मुलाकडच्यांनी साखरपुड्यात काहीही मागितलं नाही, असं आमच्या घरातली मंडळी अजून कौतुकाने सांगतात. मी सांगत नाही. कारण मागणी झाली तेव्हा तिथे मी होतो. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या आमच्या घरात, हॉलच्या खिडकीपाशी, हातात श्रीखंडाची वाटी धरून मुलाच्या बापाने मुलीच्या बापाकडे मागणी केली, आणि ती पुरी करण्यात माझे आठ महिने गेले.

मुलगी म्हणजे आमची उत्तरा. मुलगा कॅलम, उंच, अबोल आणि पक्का शाकाहारी, त्यामुळे आमच्या आईचा पहिल्या दिवसापासून लाडका. त्याचा बाप मरे. मास्टरटनला राहतो, जन्मभर मेंढ्या पाळल्या, बायको जॅन तीन वर्षांपूर्वी वारली, आता एकटाच असतो. माझं नाव चंद्रहास. ते उच्चारण्याचा मरेने एकदा मनापासून प्रयत्न केला आणि मग मला 'चॅझ' करून टाकलं.

तर हा मरे खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणाला, "यू शुड कम अप फॉर अ हंट समटाइम, चॅझ. स्टीप कंट्री, माइंड यू. यू'ड वॉन्ट अ लाइट रायफल."

इंग्रजीत हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. तेच मराठीत करून बघा. मुलाचे वडील मुलीच्या वडिलांना म्हणाले, "या एकदा आमच्याकडे शिकारीला. चढ फार आहे, येताना रायफल हलकी आणा." आता ही मागणी नाही तर काय आहे? आमच्या आत्याच्या लग्नात मुलाच्या मामाने जेवता जेवता "पितळी स्टोव्ह छान असतो नाही?" एवढंच म्हटलं होतं. आजोबा तसेच उठले आणि सायकलवरून साताऱ्याला जाऊन स्टोव्ह घेऊन आले. मी त्या आजोबांचा नातू आहे.

"बाबा, ही वॉज जस्ट बीइंग नाइस," उत्तरा म्हणाली. "किवी लोक असंच बोलतात. तू 'स्वीट ॲज', म्हणजे मस्तच, असं म्हण आणि विसरून जा."

"विसरून जा? आणि लग्नात ते सगळ्यांसमोर म्हणाले की चॅझला बोलावलं होतं, आला नाही, तर?"

"तर काय? नथिंग!"

या पिढीला मानपान म्हणजे काय ते कळत नाही. मी विभावरीकडे, म्हणजे बायकोकडे पाहिलं. तिने श्रीखंडाचं पातेलं आत नेलं. आमच्या लग्नाच्या अनुभवावरून सांगतो, पातेलं आत जाणं म्हणजे संमती नव्हे. पण मी ती संमती धरली.

वेलिंग्टनला जाता-येता ट्रेनमध्ये मला वाचायला भरपूर वेळ मिळतो. इतकी वर्षं मी त्या वेळात झोपत असे. आता डोंगराळ भागासाठी हलक्या रायफली हा विषय मी मुळापासून हाती घेतला. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की जगात या विषयावर एकमत नाही. कोणी म्हणतं नळी कार्बनची हवी, कोणी म्हणतं दस्ता पोकळ हवा, कोणी गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टला भोकं पाडून वजन कमी करतं. मी टॅबलेटवर नळ्यांचे फोटो मोठे करकरून बघत होतो. शेजारच्या बाई आधी थोड्या सरकल्या आणि पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेल्या. दोन दिवसांनी ऑफिसात मॅनेजरने मला अतिशय मऊ आवाजात विचारलं, "चॅझ, एव्हरीथिंग ओके ॲट होम?" मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि मनःस्वास्थ्याच्या शिबिरात माझं नाव घातलं.

सल्ला द्यायला आमचा मित्र सुधाकर होताच. सुधाकर इथल्या फार्मसीत फार्मासिस्ट आहे. जन्मात त्याने जत्रेतले फुगेसुद्धा फोडलेले नाहीत, पण कुठल्याही विषयावर तो काउंटरच्या पलीकडून बोलावं तसंच बोलतो.

"हे बघ," तो चष्मा पुसत म्हणाला, "रायफल जेवढी हलकी, तेवढी ती उलटी लाथ मारणार. हेवी डोस, छोटी गोळी. साइड इफेक्ट खांद्यावर. तुझं बीपी काय आहे?"

"रायफलचा आणि बीपीचा काय संबंध?"

"तुझा आहे ना," तो म्हणाला आणि त्याने मला मशीनवर बसवलं. बीपी वाढलेलं निघालं.

बंदुकांच्या दुकानातला माणूस मात्र मोठा सज्जन होता. दाढी छातीपर्यंत, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. त्याने कौतुकाने माझी सगळी टिपणं ऐकून घेतली आणि म्हणाला, "गुड ॲज. लायसन्स आहे ना?" लायसन्स लागतं हे मला अर्थातच माहीत होतं. पण स्वयंपाक येत नसलेल्या माणसाला जसं गॅस लागतो हे माहीत असतं, तसं. मी घरी येऊन अर्ज भरला.

सुरक्षिततेचा कोर्स झाला, परीक्षा झाली. माझ्या वर्गात निम्मी मुलं उत्तराहून लहान होती. तरी मी पहिल्या बाकावर बसून सगळ्या प्रश्नांना हात वर केला. इथपर्यंत सगळं माझ्या अभ्यासू स्वभावाला धरून चाललं होतं. मग कळलं की आता एक अधिकारी घरी येणार, आणि माझ्याबद्दल माझ्या बायकोला एकटीला प्रश्न विचारणार.

मी विभावरीची तयारी करून घेऊ लागलो. "माझा स्वभाव कसा आहे असं विचारलं तर 'शांत' म्हण."

"कुणाचा?"

अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, हसऱ्या, "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत बूट दारातच काढून आत आल्या, त्यामुळे आईने त्यांना लगेच पास केलं. विभावरी आणि त्या स्वयंपाकघरात बसल्या आणि दार लावून घेतलं. मी कुणाचं चोरून ऐकणारा माणूस नाही. पण त्या दाराशेजारच्या कुंडीला पाणी घालायचंच होतं.

"त्यांना राग येतो का?" बाईंनी विचारलं.

"येतो ना! डब्याचं झाकण सापडलं नाही की येतो. पार्किंगमध्ये कोणी आडवी गाडी लावली की येतो. क्रिकेटमध्ये थर्ड अंपायरचा येतो. मागे रिमोटच्या सेलचा आला होता."

"राग आल्यावर ते काय करतात?"

"गॅरेजमध्ये जाऊन बसतात. जेवायच्या वेळी येतात."

"घरात बंदूक असेल तर तुम्हाला भीती वाटेल?"

यावर स्वयंपाकघरात हसण्याचा जो आवाज झाला तो बराच वेळ थांबेना. "अहो, त्याला मिक्सरचं भांडं बसवता येत नाही," विभावरी कसंबसं म्हणाली. "रायफल उघडायलासुद्धा तो मलाच हाक मारणार, मला भीती आहे ती याची." बाईसुद्धा हसल्या. आणि मग कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. माझ्याबद्दल सरकारदरबारी काय नोंद झाली असेल या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गॅरेजमध्येही जाता येईना, कारण गेलो असतो तर साक्ष खरी ठरली असती.

आता राहिली होती कपाटाची तपासणी. रायफल ठेवायला पोलादी कपाट लागतं, ते भिंतीला बोल्टने जखडावं लागतं, आणि किल्ली फक्त लायसन्सवाल्याकडे. ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणालाही माहीत असता कामा नये. आमच्या घराच्या भिंती म्हणजे आत लाकडी खांब आणि वर पातळ पांढरे बोर्ड. खांब नेमका कुठे आहे ते शोधण्यात मी तीन खोल्यांच्या भिंतींना भोकं पाडली. शेवटी खांब सापडला तो आईच्या खोलीत. आई दर वर्षी सहा महिने आमच्याकडे येते. ऐंशी वर्षांची आहे, पण तिचे गुडघे सोडले तर तिच्यात कसलीही उणीव नाही.

कपाट लागलं. आईने त्याच्यावरून हात फिरवला, दार दोनदा उघडमीट करून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "चंदू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घराला घरासारखं काहीतरी आलं," ती म्हणाली. "किल्ली दे."

मी तिला नियम समजावून सांगितला.  'माझ्या घरातल्या कपाटाची किल्ली मला नाही,' हे वाक्य आई बोलली नाही. ते तिने दुपारभर भांडी आपटून सांगितलं. मी किल्ली क्रिकेटच्या जुन्या बुटात मोज्याच्या आत घालून गॅरेजच्या फळीवर ठेवली. इतकी सुरक्षित जागा मी आयुष्यात शोधली नव्हती.

तपासणीच्या दिवशी बाई पुन्हा आल्या. त्यांनी बोल्ट हलवून पाहिले, पोलादाची जाडी पाहिली आणि खूश झाल्या. "लव्हली. आता उघडून दाखवा." मी ऐटीत किल्ली आणली आणि कपाट उघडलं.

कपाटात वरच्या कप्प्यात, जिथे काडतुसं ठेवायची, तिथे चांदीची निरांजनं, अत्तरदाणी आणि आईच्या पाटल्यांची डबी होती. खाली रायफलच्या उभ्या जागेत उत्तराच्या लग्नाची पैठणी, विभावरीचा शालू, सगळ्यांचे पासपोर्ट, केशराची डबी आणि एका कोपऱ्यात, मलमलचं फडकं बांधलेली मेतकुटाची बरणी होती.

बाईंनी वाकून एकेक वस्तू पाहिली. मग शांतपणे विचारलं, "किल्ली कोणाकोणाकडे असते?"

मी तोंड उघडण्याच्या आत आई पुढे आली. सरकारी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायची तिला आवड आहे. "आय नो. हर वाइफ नोज." 'हर' म्हणजे माझी. "उत्तरा ऑल्सो नोज. इन शू. एव्हरीबडी नोज!" आपल्या घरात कोणाचं कोणापासून काही लपलेलं नाही, याचा तिला केवढा अभिमान वाटत होता! विभावरीला किल्ली सापडायला, मी ती ठेवल्यापासून चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला होता असं नंतर कळलं. मराठी घरात पुरुषाने वस्तू लपवायची आणि ती बायकांना सापडायची नाही, हे मुळात कोणत्या सरकारला शक्य वाटलं असेल?

बाई वाईट माणूस नव्हत्या. कपाट रिकामं करा, कुलूप बदला, किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवा, मी पुन्हा येईन, म्हणाल्या. जाताना आईने त्यांना मेतकूट दिलं. मी किल्ली गळ्यात दोऱ्यात घालून आंघोळीलासुद्धा तशीच जाऊ लागलो. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, पाटल्या उशीखाली घेऊन झोपली, आणि भारतात फोन करकरून सांगत राहिली की चंदूने माझं सोनं कपाटाबाहेर काढून तिथे बंदूक ठेवायची ठरवलंय.

अखेर लायसन्स आलं. मी पुन्हा दुकानात गेलो. दाढीवाल्याने तीन रायफली काढून ठेवल्या आणि मी एकेक उचलून डोळे मिटून वजन अंदाजत बसलो, जसा बाजारात खरबूज हातात घेऊन माणूस बसतो. त्यातली एक इतकी हलकी होती की ती हातात आहे की नाही हे बघावं लागत होतं; तीच मी घेतली. "हिच्या नळीला पुढे सप्रेसर लावून घे," तो म्हणाला. आवाज आणि धक्का कमी करायला नळीच्या टोकाला बसवतात त्या नळकांड्याला सप्रेसर म्हणतात. मी विचारलं, त्याचं वजन? त्याने सांगितलं. मी म्हटलं, नको. वजन कमी करण्यासाठी एवढी यातायात केली आणि शेवटी टोकाला वजन लावायचं म्हणजे काय?

"तुझं पोट," विभावरी घरी म्हणाली, "ते कार्बनचं मिळत नाही का कुठे?"

तो अपमान मी गिळला आणि सरावाला लागलो. रायफल खांद्यावर टाकून गल्लीत फिरायची सोय नाही, म्हणून दोन क्रिकेटच्या बॅटी एकत्र बांधून पाठीवर घेतल्या, सॅकमध्ये कणकेची पिशवी टाकली आणि रोज संध्याकाळी घरामागची टेकडी चढू लागलो. येणारे-जाणारे विचारत, "गुड गेम?" मी धापा टाकत "येस" म्हणत असे. पंधरा दिवसांत पिशवी फाटली आणि टेकडीच्या वाटेवर माझ्यामागे कणकेची रेघ पडत गेली. त्यानंतर मी कणीक न घेता जाऊ लागलो.

मार्चअखेरीस, लग्नाला आठवडा असताना, मी मरेला फोन केला. "मी तयार आहे," म्हणालो.

"कशाला?" मरे म्हणाला.

"शिकारीला."

 मग तो म्हणाला, "राइट. शनिवारी ये."

मास्टरटनजवळच्या तारारुआ डोंगराचं वर्णन मी करणार नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. मी चढभर फक्त मरेचे बूट पाहिले. सत्तरीचा माणूस, खांद्यावर लाकडी दस्त्याची जुनी, चांगली जड रायफल, आणि बोकडासारखा वर चालला होता. माझी हलकी रायफल पहिल्या तासात हलकी होती. नंतर ती मेंढी झाली. पण मी एकदाही "थांबू या का?" म्हटलं नाही. मुलीकडच्यांनी थांबायला सांगायचं नसतं. वर झोपडीत आम्ही मुक्काम केला, आणि सकाळी गवताळ उतारावर मरेने एकदम हात वर केला. आमच्या वरच्या अंगाला, उभ्या चढावर, एक हरीण चरत होतं.

"तुझं आहे," तो पुटपुटला.

मी चढावर पालथा पडलो. नळी वर, डोकं मागे, डोळा रायफलवरच्या दुर्बिणीला अगदी चिकटलेला. कोर्समध्ये शिकवलेलं सगळं आठवलं, फक्त डोळा लांब ठेवायचं सोडून. मी चाप ओढला. रायफलने मला जी लाथ घातली ती मी आयुष्यात विसरणार नाही. दुर्बिणीची कड भुवईवर बसली आणि क्षणभर मला दोन न्यूझीलंड दिसले. हरणाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणखी दोन घास खाल्ले आणि सावकाश निघून गेलं.

मरेने आधी रायफल माझ्या हातातून घेऊन रिकामी केली, मग माझं कपाळ पुसून पट्टी लावली आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. मी विभावरीने दिलेल्या दशम्या काढल्या. दोघं गवतात बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच भुवईमुळे नव्हतं. पोरीचं लग्न आठवड्यावर, आणि तिच्या सासऱ्यासमोर माझी ही शोभा.

"माफ करा," मी म्हणालो. "तुमची अपेक्षा पुरी करू शकलो नाही."

"कसली अपेक्षा?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. मुलाकडचे म्हणजे काय, मुलीकडचे म्हणजे काय, पितळी स्टोव्ह, साखरपुडा, खिडकी, लायसन्स, कपाट, मेतकूट, बॅटी. मरे आधी ऐकत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले, मग तो गवतात आडवा होऊन हसला. "चॅझ," तो डोळे पुसत म्हणाला, "माझ्याकडे घरात तीन रायफली आहेत. आणि लायसन्सवाला शेजारी उभा असला तर तुला लायसन्सची गरजच नव्हती. फोन करून विचारायचं की."

मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं, हे मी पुन्हा सांगितलं नाही.

मग मरेचं हसणं थांबलं. तो कपातल्या चहाकडे बघत बसला. "मी हे सगळ्यांनाच म्हणतो," तो म्हणाला. "शेजाऱ्याला म्हणतो, डेंटिस्टला म्हणतो. कॅलमला तर लहानपणापासून म्हणत आलो. सगळे म्हणतात, 'फॉर शुअर, मरे, नक्की.' जॅन गेल्यापासून मी जरा जास्तच म्हणतो." त्याने दशमीचा तुकडा तोडला. "खरंच आलेला पहिला माणूस तू."

 आठ महिने ज्या माणसाला मी मुलाकडचा, मुलाकडचा म्हणून घाबरलो होतो, तो डोंगरावर चढायला सोबत शोधत होता, आणि कोणी येत नव्हतं. मला त्याची माया आली. इतकी आली की आपल्या माणसाला गहिवरून आल्यावर जे तोंडून निघतं तेच निघालं.

"तुम्हीपण या ना एकदा पुण्याला, आमच्याकडे!"

आता हे वाक्य आपण जन्मात किती जणांना म्हणतो. बसस्टॉपवर म्हणतो, बँकेच्या रांगेत म्हणतो, लग्नात चप्पल शोधताना म्हणतो. त्याचा अर्थ 'बरं आहे, भेटू' एवढाच असतो.

"कधी?" मरेने विचारलं.

लग्न छान झालं. सगळ्या फोटोंत मुलीच्या बापाच्या उजव्या भुवईवर पट्टी आहे आणि मुलाच्या बापाचा हात त्याच्या खांद्यावर आहे. दुसऱ्याच दिवशी मरेने डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढलं आणि मला फोटो पाठवला. मी पुण्याला धाकट्या भावाला, राजारामला, फोन लावला.

"व्याही येणार? आपल्याकडे? मुलाकडचे?" राजारामचा आवाज चढला. "कमोड बदलायला हवा. रंग काढायला हवा. काही म्हणाले का रे ते? काही खास?"

"छे रे, काही नाही. साधा माणूस आहे. फक्त सहज म्हणाला, हत्ती बघायला मला आवडेल."

पलीकडून कागद-पेन शोधल्याचा आवाज आला.

"केवढा?" राजारामने विचारलं.